मेंदूची राखीव क्षमता

मेंदूची झीज किंवा बिघाड सोसूनही स्मरण, भाषा, हिशेब, वाट ओळखणे ही कामे नीट चालू ठेवण्याची मेंदूची ताकद. उतारवयात मेंदू तल्लख कसा ठेवावा याचा शास्त्रीय विचार १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून बऱ्याच अंशी याच कल्पनेभोवती फिरत आला आहे. ही क्षमता जन्माला येताना पूर्णपणे ठरलेली नसते. शाळा, कामधंदा, भाषा, माणसांची ऊठबस आणि रक्तवाहिन्यांची अवस्था यांच्यामुळे ती आयुष्यभर वाढते किंवा घटते.

प्रौढ मेंदूचे वजन साधारण १,३०० ते १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के असते; पण शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटाच खर्चतो. चाळिशीनंतर दर दशकात त्याचे आकारमान ५ टक्क्यांच्या आसपास घटते आणि सत्तरीनंतर हा वेग वाढतो. तरीही ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण सरसकट खरी नाही. वॉर्नर शाई यांनी १९५६ साली सिएटलमध्ये सुरू केलेल्या दीर्घ पाहणीत तीच माणसे पुन्हापुन्हा तपासली गेली. तीत दिसले की विचाराचा वेग लवकर मंदावतो, पण शब्दसंपत्ती आणि अनुभवाचे ज्ञान साठीपर्यंत, अनेकांत त्यापुढेही टिकते. ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी न आठवणे हा वयाचा भाग झाला. पुरणात वेलदोडा घालायचा राहिला, हेही कोणाचेही होऊ शकते. पण चाळीस वर्षे पुरण घातलेल्या बाईला डाळ शिजल्यावर पुढे काय करायचे हेच सुचेनासे झाले, तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नये.

या कल्पनेचा उगम शवविच्छेदनाच्या टेबलावर झाला. अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमात राहिलेल्या १३७ जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले आणि १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या दहा जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या सर्वांत नेहमीच्या आजाराच्या, खुणा भरपूर होत्या, पण जिवंतपणी त्यांची बुद्धी उत्तम चालत होती. त्यांचे मेंदू इतरांपेक्षा वजनदार होते आणि त्यांत मोठ्या चेतापेशीही अधिक होत्या. आजार होता, आजारी माणूस मात्र नव्हता. या विसंगतीचा उलगडा करण्यासाठी ‘राखीव’ साठ्याची कल्पना पुढे आली.

तिला खरी प्रसिद्धी मिळाली ती जोगिणींच्या (ख्रिस्ती नन) अभ्यासामुळे. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये मिनेसोटातील एका कॅथलिक मठात हे काम सुरू केले. पुढे त्यात ७५ ते १०२ वर्षे वयाच्या ६७८ जोगिणी सहभागी झाल्या आणि सर्वांनी मृत्यूनंतर मेंदू देण्याचे कबूल केले. संशोधकाला याहून चांगला गट मिळणे अवघड होते. सगळ्यांचे जेवण सारखे, घर सारखे, दारू-तंबाखू जवळपास नाही, बहुतेकींनी आयुष्यभर शिकवण्याचे काम केलेले. त्यामुळे एकीचा मेंदू टिकला आणि दुसरीचा ढासळला याचे कारण राहणीमानात शोधायची गरज उरत नव्हती. त्यांतल्या सिस्टर मेरी वयाच्या १०१व्या वर्षी वारल्या. अखेरच्या चाचण्यांतही त्यांना चांगले गुण होते. मेंदू मात्र जेमतेम ८७० ग्रॅमचा आणि अल्झायमरच्या गाठी-गुंत्यांनी भरलेला निघाला. मठात प्रवेश घेताना, म्हणजे विशीच्या सुरुवातीला, या स्त्रियांनी स्वतःबद्दल एक-दोन पानी मजकूर लिहिला होता. ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी कमी होती, त्यांना साठ वर्षांनी स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळले. या निष्कर्षाची चर्चा फार झाली. व्यवहाराच्या दृष्टीने त्याहून मोलाचा ठरावा असा १९९७ मधला निष्कर्ष त्यामानाने मागे पडला. अल्झायमरच्या खुणा तेवढ्याच असलेल्या जोगिणींमध्ये, ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात बारीक रक्तवाहिन्या तुंबून एक-दोन लहान डाग पडले होते, त्यांना प्रत्यक्षात स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता कित्येक पटींनी जास्त होती. म्हणजे साठा भरण्याइतकेच तो गळू न देणेही महत्त्वाचे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील याकोव्ह स्टर्न यांनी या कल्पनेची नीट मांडणी केली. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, मेंदूचा आकार आणि पेशींची संख्या. यात माणूस फारसे काही करू शकत नाही. दुसरी, आहे त्या मेंदूला काम वळणावळणाने करून घेण्याची सवय. मुख्य रस्ता खोदून ठेवला तरी पेठेतल्या रिक्षावाल्याने बोळांतून गिऱ्हाईक वेळेवर पोचवावे, तशी. शिक्षण, गुंतागुंतीचे काम आणि बौद्धिक छंद ही दुसरी क्षमता वाढवतात. हिची एक अप्रिय बाजूही स्टर्न यांच्याच अभ्यासांतून पुढे आली. राखीव क्षमता मोठी असलेल्यांमध्ये लक्षणे उशिरा दिसतात, पण तोवर आतला आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून एकदा लक्षणे सुरू झाली की त्यांची घसरण इतरांपेक्षा वेगाने होते. ‘काल-परवापर्यंत सगळे व्यवहार बघत होते, वर्षभरात काय झाले कळलेच नाही’ असे निवृत्त शिक्षकांच्या किंवा वकिलांच्या घरी ऐकू येते, त्यामागे हे कारण असू शकते.

मोठेपणी मेंदूची रचना बदलू शकते याचा नेहमी दिला जाणारा पुरावा लंडनच्या टॅक्सीचालकांचा आहे. तिथे परवाना मिळवण्यासाठी शहरातील हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवले की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मरणाशी आणि वाटा ओळखण्याशी संबंध असलेल्या भागाचा, मागचा हिस्सा मोठा असतो. मुळातच असा मेंदू असलेले लोक या धंद्यात येत असतील, ही शंका रास्त होती. ती २०११ च्या पाहणीने बरीचशी दूर केली. ७९ उमेदवारांपैकी ज्या ३९ जणांनी परीक्षा पार केली, त्यांच्यातच ही वाढ झाली. भारतात वेदपाठी पंडितांच्या मेंदूचा असाच एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. २१ पंडितांची तुलना त्यांच्याच वयाच्या इतर २१ जणांशी केली असता, भाषा आणि स्मरण यांच्याशी संबंधित भागांत करडे द्रव्य, म्हणजे चेतापेशींचा थर, जास्त आढळले. मात्र ही एकाच वेळी केलेली तुलना आहे. पंडित तरुण होते आणि लहानपणापासून घोकंपट्टीत वाढलेले होते. त्यामुळे सत्तरीत अथर्वशीर्ष किंवा हरिपाठ पाठ केल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. आपल्याकडे तो काढला गेलाच.

भाषांचा मुद्दा अधिक ठोस आहे आणि त्यातले महत्त्वाचे काम भारतातले आहे. सुवर्णा अल्लादी यांनी हैदराबादच्या निजाम इन्स्टिट्यूटमध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेली दिसली. असाच फरक दाखवणाऱ्या कॅनडातील आधीच्या पाहण्यांवर आक्षेप होता की तिथले द्विभाषक स्थलांतरित असतात, फरक त्यामुळेही पडू शकतो. हैदराबादेत तेलुगू, उर्दू, दख्खनी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदतात. विशेष म्हणजे कधीही शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक दिसला. तिसरी-चौथी भाषा आल्याने मात्र त्यात आणखी भर पडली नाही. निरोगी लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या काही अभ्यासांत हा फायदा आढळलेला नाही, म्हणून वाद मिटलेला नाही. पण सोलापूर, बेळगाव किंवा गोव्यात बाजारात एक आणि घरात दुसरी भाषा बोलणाऱ्यांनी ती सोडून देण्याचे काही कारण नाही.

लोकांना याबाबतीत पहिल्यांदा आठवते ते शब्दकोडे. वर्तमानपत्रातले कोडे किंवा सुडोकू रोज सोडवल्याने ते कोडे सोडवण्याचा हात बसतो. विजेचे बिल भरणे किंवा औषधाच्या वेळा लक्षात ठेवणे त्याने सुधारेलच असे नाही. अमेरिकेत २,८०० हून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या ‘ॲक्टिव्ह’ या चाचणीत स्मरण, तर्क आणि प्रक्रियेचा वेग यांचे वेगवेगळे प्रशिक्षण दिले गेले. प्रत्येक गट ज्याचे शिकला, मुख्यतः त्यातच सुधारला. दहा वर्षांनी तर्क आणि वेग यांचा लाभ थोडा उरला होता, स्मरणाचा नव्हता. २०१६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने लुमॉसिटी या मेंदू-खेळांच्या कंपनीवर पुराव्याविना दावे केल्याचा ठपका ठेवला आणि २० लाख डॉलर भरून तडजोड झाली. गोळ्यांची कथाही वेगळी नाही. गिंको या झाडाच्या पानांचा अर्क ७५ वर्षांवरील ३,०६९ जणांना देऊन पाहिला. २००८ च्या अहवालानुसार स्मृतिभ्रंश टाळण्यात त्याचा काहीच उपयोग झाला नाही. ब्राह्मीवर लहान चाचण्या झाल्या आहेत. तिने आजार रोखला जातो हे सिद्ध झालेले नाही. भिजवलेले बदाम खावेत, चांगलेच असतात, पण त्यांच्यावर एवढा भार टाकू नये.

याउलट ज्याला पुरावा आहे, त्याबद्दल घरात फारसे बोलणे होत नाही. उदाहरणार्थ, कान. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ हे आवाज गळतात, स्वर मात्र ऐकू येतात. म्हणून आजोबा म्हणतात, ‘ऐकू येतं रे, पण तू पुटपुटतोस.’ तुटलेला शब्द जोडून घेण्यात मेंदूची शक्ती खर्च होते आणि काय बोलले गेले ते लक्षात ठेवायला उरत नाही. पुढे लग्नकार्यात, कट्ट्यावर बसणेच नको वाटू लागते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांमध्ये कमी ऐकू येणे आणि मध्यमवयातले वाढलेले एलडीएल कोलेस्टेरॉल या दोघांचा वाटा सर्वांत मोठा, प्रत्येकी ७ टक्के, धरला आहे. श्रवणयंत्राची मोठी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांत एकंदरीत फरक पडला नाही. मात्र ज्यांना हृदयरोगाचा व इतर धोका आधीपासून जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण तीन वर्षांत ४८ टक्क्यांनी मंद झाली. अडचण यंत्र घेण्यापेक्षा वापरण्यात जास्त असते. पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा आवाज कर्कश वाटतो आणि महागडे यंत्र कपाटात जाऊन पडते. ते हळूहळू, रोज थोडा वेळ लावून सवयीचे करावे लागते आणि जुळवणीसाठी पुन्हा दाखवावे लागते.

रक्तदाबाचे तसेच. मेंदूच्या खोल भागातल्या केसासारख्या वाहिन्या वाढलेल्या दाबाने आधी खराब होतात. ‘स्प्रिंट’ या चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात सौम्य बौद्धिक क्षीणतेचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या अलीकडच्या पायरीचे, प्रमाण १९ टक्क्यांनी कमी झाले. हे २०१९ मध्ये जाहीर झाले. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातील घट मात्र निःसंशय म्हणावी इतकी नव्हती. ज्येष्ठांमध्ये दाब किती उतरवायचा हे डॉक्टरच ठरवतील, कारण फार उतरला तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. पण ‘मला काही त्रास नाही’ म्हणून गोळी सोडणे हा मराठी घरांतला नेहमीचा प्रकार आहे, आणि ताटात लोणचे, पापड, चटणी तिन्ही असतात.

चालण्याला स्वतंत्र पुरावा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२० ज्येष्ठांपैकी जे वर्षभर नियमाने भरभर चालले, त्यांच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान सुमारे २ टक्क्यांनी वाढले. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचे घटले. फिनलंडमधील मिया किविपेल्टो यांच्या ‘फिंगर’ चाचणीने आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखर यांची देखरेख एकत्र केली. ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवरील या चाचणीत दोन वर्षांनी, नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा पूर्ण कार्यक्रम केलेल्यांच्या गुणांतील सुधारणा २५ टक्क्यांनी जास्त होती. सकाळी बागेत फिरून मग कट्ट्यावर गप्पा मारणारे ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळे किंवा मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या हास्यक्लबांसारखे उपक्रम यातले दोन-तीन घटक न कळत साधतात. त्यांत हसण्याचा वाटा किती आणि रोज घराबाहेर पडण्याचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. दुसऱ्याचा वाटा मोठा असावा.

विसरणे वाढले म्हणजे राखीव क्षमता संपली, असे समजण्याआधी काही तपासण्या करायलाच हव्यात. थायरॉइड मंदावणे, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, आणि किरकोळ पडल्यानंतर काही आठवड्यांनी कवटीच्या आत साचलेले रक्त यांनीही माणूस गोंधळल्यासारखा होतो, आणि यांवर इलाज आहे. महाराष्ट्रात यात बी-१२ जीवनसत्त्वाची भर घालावी लागते. शाकाहारी घरांत त्याची कमतरता सर्रास आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने यावर दीर्घकाळ काम केले आहे. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता आणखी वाढू शकते.

भारताच्या संदर्भात या सिद्धान्ताची एक अडचण आहे. राखीव क्षमता मोजायचा सोपा मार्ग म्हणजे शाळेतली वर्षे मोजणे. इथल्या आजच्या ज्येष्ठ स्त्रियांपैकी अनेकींना शाळा मिळालीच नाही. हरियाणातील बल्लभगढमध्ये १९९०च्या दशकात झालेल्या पाहणीसाठी लिहिता-वाचता न येणाऱ्यांकरिता वेगळी चाचणी घडवावी लागली. तिथे शिक्षण कमी असूनही अल्झायमरचे प्रमाण जगातील नीचांकी प्रमाणांपैकी एक निघाले. उलट, देशभरातील ज्येष्ठांच्या पाहणीवर आधारलेल्या २०२३ च्या अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. तोही स्त्रियांत, खेड्यांत आणि कमी शिकलेल्यांत जास्त. या दोन चित्रांचा मेळ घालण्यासाठी तीच माणसे वर्षानुवर्षे तपासावी लागतात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात असे काम हाती घेतले असून, पंचेचाळिशी ओलांडलेल्या १०,००० ग्रामस्थांचा पाठपुरावा करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.