वेल्डिंगने भाग घडवण्यामागची शंभर वर्षं

झिजलेला शाफ्ट (यंत्राचा फिरणारा दांडा) वेल्डिंगने भरून घ्यायचा आणि लेथवर टर्निंग करून मापात आणायचा, हे आपल्याकडच्या वर्कशॉपमधलं रोजचं काम. तीच वेल्डिंगची वायर वितळवून, थरावर थर चढवत अख्खा भागच उभा केला तर? आज या पद्धतीला वायर-आर्क ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात. कल्पना मात्र नवी नाही. अमेरिकेच्या वेस्टिंगहाउस कंपनीतल्या राल्फ बेकर यांनी विजेच्या आर्कने, म्हणजे वेल्डिंगच्या प्रखर ठिणगीने, धातूचे थर रचून शोभेच्या वस्तू बनवण्याच्या पेटंटसाठी १९२० मध्येच अर्ज केला होता. १९२५ मध्ये ते मंजूर झालं.

मग एवढी वर्षं घोडं अडलं कुठे? उष्णतेपाशी. एक थर घातला की तो लाल असतानाच दुसरा घालायचा मोह होतो. घातला की कडा ओघळतात, भिंत फुगते आणि खालची प्लेट धनुष्यासारखी वाकते. थांबावं तर वेळ जातो. माझ्या मते या तंत्राचा खरा इतिहास हा उष्णता आवरण्याचाच आहे.

त्यात मोठी मदत झाली ती ऑस्ट्रियाच्या फ्रोनियस कंपनीने आणलेल्या कोल्ड मेटल ट्रान्सफरची. यात वायर वितळलेल्या धातूला टेकली की लगेच मागे ओढली जाते. थेंब अलगद सुटतो आणि करंट अगदी कमी लागतो, म्हणजे उष्णताही कमी. इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड विद्यापीठाने प्रत्येक थरावर रोलर फिरवून आतला ताण कमी केला. आणि आपल्या पवईत, आयआयटी मुंबईत, प्रा. के. पी. करुणाकरन यांच्या गटाने वेल्डिंग टॉर्च थेट सीएनसी मशिनवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या यंत्रावर, बसवली: थर घाला, मिलिंगने (फिरत्या कटरने) सपाट करा, पुढचा घाला. आपल्या वर्कशॉपच्या रीतीच्या हे किती जवळचं आहे!

पुढे मोठी कामं उभी राहिली. ॲमस्टरडॅममध्ये एमएक्स३डी कंपनीने रोबोंकडून घडवलेला १२ मीटरचा स्टेनलेस स्टीलचा पादचारी पूल २०२१ मध्ये खुला झाला. त्याआधी, २०१७ मध्ये, रॉटरडॅमच्या रॅमलॅब या प्रयोगशाळेत निकेल-ॲल्युमिनियम-ब्राँझचे २९८ थर चढवून १.३५ मीटर व्यासाचा जहाजाचा प्रोपेलर बनला होता. वेल्डिंगचा जोड सांभाळणाऱ्यांना जी धास्ती असते, तीच इथेही होती: आत कुठे पोकळी राहिली नाही ना? म्हणून तसाच दुसरा प्रोपेलर टगबोटीला (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीला) बसवून वेग तपासला, ओढण्याची ताकद मोजली आणि पुढे धावणारी बोट अचानक उलट जोर लावून थांबवून पाहिली. प्रोपेलर टिकला.