आजी दिवसातून किती वेळ उभी असते?

साताऱ्याच्या घरी पहाटे बाथरूमकडे जाताना माझी आजी पडली, तेव्हा ती 81 वर्षांची होती. खुब्यात हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, हाडात नेल, म्हणजे धातूचा दांडा, बसवला आणि आठवड्याभरात ती वॉकर घेऊन घरी आली. आम्हाला वाटलं, सुटलो. दोन आठवड्यांनी फिजिओथेरपिस्ट ताई आल्या आणि त्यांनी विचारलं, "आजी दिवसातून किती वेळ उभ्या असतात?" काका म्हणाले, "फिरते की घरात." काकू म्हणाल्या, "जेवायला उठून येतात." दिवसभर सोबतीला असणाऱ्या मावशी जरा चाचरत म्हणाल्या, "काल पाय दुखत होता, म्हणून नाही उठवलं." आणि पलंगावरून आजी ठासून म्हणाली, "मी सारखी उभीच असते!"

चार माणसं, चार उत्तरं. खोटं कुणीच बोलत नव्हतं. खरं उत्तर मात्र त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

खुब्याच्या दुखण्यातून माणूस उठणार की अंथरूण धरणार, हे बऱ्याच अंशी या उत्तरावर ठरतं. जगभरातले आकडे पाहिले, तर खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण 20 ते 30 टक्के वर्षभरात दगावतात. जे राहतात, त्यांच्यातल्या अनेकांना पूर्वीसारखं चालता येत नाही. हाड बहुतेकांचं जुळतं. हाड जुळेपर्यंत बाकीचं शरीर खचतं. छातीत कफ साठतो, पायातल्या शिरांत रक्त गोठतं, पाठीला जखमा होतात, आणि स्नायू तर डोळ्यांदेखत वितळतात. अमेरिकेत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठांना 10 दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं होतं. त्यांच्या पायांतला जवळपास 1 किलो स्नायू गेला. त्यांचं काही मोडलेलं नव्हतं, त्यांना ताप नव्हता, ऑपरेशन झालेलं नव्हतं.

म्हणून खुब्याच्या उपचारातलं सगळं जुनं-नवं तंत्रज्ञान एकाच गोष्टीच्या मागे लागलेलं दिसतं: माणसाला लवकर उभं करणं. जुन्या लोकांना आठवत असेल, पायाला विटा किंवा वजनं लटकवून माणसाला आठवडेच्या आठवडे पलंगावर ठेवत. 1925 मध्ये बोस्टनचे शल्यविशारद स्मिथ-पीटरसन यांनी तीन पाती असलेला धातूचा खिळा मांडीच्या हाडाच्या मानेतून आरपार बसवला. मोडलेले तुकडे आतूनच धरून ठेवायची वाट तिथे खुली झाली. खुबा म्हणजे कमरेच्या हाडातली वाटी आणि तिच्यात फिरणारा मांडीच्या हाडाचा गोळा. गोळ्याखालची बारीक मान मोडली, तर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती असते. म्हणून वृद्धांमध्ये बहुधा गोळाच बदलतात. मानेच्या खाली मोडलं असेल तर नेल किंवा प्लेट-स्क्रू. ऑपरेशन चालू असताना सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर हाड दिसत राहतं, त्यामुळे लहानशा छेदातून काम होतं.

ऑपरेशनची घाई करावी का, हेही तपासून झालं आहे. भारतासह 17 देशांतल्या 2,970 रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर 6 तासांच्या आसपास ऑपरेशन केलेले आणि 24 तासांच्या आसपास केलेले, अशा दोन गटांची त्यात तुलना होती. मृत्यूंच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. पण लवकर ऑपरेशन झालेल्यांना भ्रम कमी झाला आणि ते लवकर उभे राहिले. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वं तर सांगतात, की वैद्यकीय अडचण नसेल तर ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवा. आपल्याकडे "एवढं मोठं ऑपरेशन झालंय, पडू दे निवांत" म्हणणारे पाहुणे फळं घेऊन येतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलं असेल, तर त्या निवांतपणाची किंमत आजीचे पाय मोजतात.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम शहरात संशोधकांनी हाच प्रश्न यंत्राला विचारला. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या वृद्धांच्या मांडीवर त्यांनी एक छोटा सेन्सर चिकटवला आणि ऑपरेशननंतरच्या चौथ्या दिवशी ही मंडळी 24 तासांत किती वेळ उभी असतात, ते मोजलं. नेहमीच्या ऑर्थोपेडिक वॉर्डातल्या रुग्णांची सरासरी आली सुमारे 45 मिनिटं. वृद्धांसाठीच्या खास वॉर्डात सुमारे 58 मिनिटं. त्या वॉर्डात हाडाइतकंच औषधं, जेवण, झोप, भीती या सगळ्यांकडे लक्ष दिलं जायचं आणि रुग्णाला लवकर उठवलं जायचं. फरक जेमतेम 12-13 मिनिटांचा. याच अभ्यासातल्या 397 रुग्णांचे चार महिन्यांनंतरचे निष्कर्ष 2015 मध्ये आले, तेव्हा खास वॉर्डातल्यांची चाल अधिक चांगली असल्याचं दिसलं. हे श्रेय सेन्सरचं नाही, वॉर्डाचं आहे. पण उत्तम वॉर्डातसुद्धा माणूस दिवसाचे 23 तास आडवा किंवा बसलेला असतो, हे सेन्सरशिवाय इतक्या स्पष्टपणे कुणाला दिसलं असतं?

सेन्सर मांडीवरच का लावायचा? यातली युक्ती सुरेख आहे. या उपकरणात सिलिकॉनची केसाहून बारीक रचना असते, जणू सूक्ष्म स्प्रिंगवर टांगलेलं वजन. गुरुत्वाकर्षण त्या वजनाला कायम खाली ओढतं. त्यामुळे सेन्सर कुठल्या कोनात आहे, ते कळतं. झोपलो की मांडी आडवी, खुर्चीत बसलो तरी आडवी, उभं राहिलो की सरळ. छातीवर लावलेल्या सेन्सरला बसणं आणि उभं राहणं यातला फरक ओळखणं अवघड, कारण दोन्हीत छाती ताठच असते. मनगटावरचं घड्याळ तर इथे चांगलंच फसतं. वॉकर धरलेले हात हलत नाहीत, पाय घासत टाकलेल्या पावलाला झटका नसतो, त्यामुळे बिचारी आजी हॉलपर्यंत जाऊन आली तरी घड्याळात पावलं मोजकीच. नातवंडं हौसेने घड्याळ भेट देतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. त्या आकड्यावरून आजीला रागावू नका.

मोजलं, पुढे काय? याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर नेदरलँड्सचं आहे. तिथे सहा पुनर्वसन केंद्रांतल्या 240 वृद्धांवर एक प्रयोग झाला. 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याशिवाय ऑक्युपेशनल थेरपिस्टचं, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाचं, मार्गदर्शन. तिसऱ्याला मार्गदर्शनही आणि सेन्सरही: एक अंगावर लावायचा आणि घरी गेल्यावर घरात बसवलेले काही साधे. थेरपिस्ट रुग्णासमोर बसून आलेख उघडायची. मंगळवारी इतकी हालचाल, बुधवारी एकदम कमी. बुधवारी काय झालं? कधी दुखणं असतं, कधी पाहुणे, कधी एकटं असताना पडण्याची भीती. त्या बोलण्यातून पुढच्या आठवड्याचं छोटं लक्ष्य ठरायचं, आणि ते रुग्णाच्या मनातलं असायचं: स्वतः चहा करणं, जिना उतरणं, दुकानापर्यंत जाणं. सहा महिन्यांनी रुग्णांनी आपापल्या रोजच्या कामांना स्वतः गुण दिले. सेन्सर आणि मार्गदर्शन दोन्ही मिळालेले लोक नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा पुढे होते. नुसतं मार्गदर्शन मिळालेल्यांत तसा स्पष्ट फरक दिसला नाही.

या प्रयोगात कुणीतरी त्या आलेखाकडे रुग्णाबरोबर बसून बघत होतं, ही गोष्ट मला यंत्राइतकीच मोलाची वाटते. नुसता आकडा ढकलून दिला, तर तो आजीच्या डोक्यावर आणखी एक ओझं होतो. "बुधवारी काय झालं?" असं मायेने विचारणारं माणूस मिळालं, की तोच आकडा तिला बोलतं करतो. पडण्याची भीती बरेच वृद्ध स्वतःहून सांगत नाहीत. "आज नको, बरं वाटत नाही" एवढंच म्हणतात.

आणि ते घरातले सेन्सर कॅमेरे नव्हेत. खोलीत हालचाल झाली की नोंद, एवढंच त्यांचं काम. आपल्याकडे आता मुलं परदेशी असतात, आईवडिलांच्या काळजीने झोपेच्या खोलीत कॅमेरा लावतात. काळजी खरी आहे, तरी मला ते पटत नाही. आयुष्यभर पदर सावरून वावरलेल्या बाईला कपडे बदलतानाही कुणीतरी बघतंय अशा खोलीत ठेवणं बरं नव्हे. तिचं उठणं-बसणं कळायला तिचं चित्र लागत नाही.

स्पेनमधल्या ग्रानाडात वेगळा विचार झाला. तिथल्या विद्यापीठाच्या गटाने खुबा मोडलेल्या वृद्धांसाठी व्यायामाचे व्हिडिओ वेबसाइटवर ठेवले. 12 आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. घरातल्या माणसाने वेबसाइट उघडायची, आजी-आजोबांच्या शेजारी उभं राहायचं आणि व्यायाम करवून घ्यायचा. थेरपिस्ट दुरून लक्ष ठेवून. दैनंदिन कामं स्वतः करण्यात हा गट घरी येऊन दिलेल्या नेहमीच्या थेरपीच्या गटापेक्षा सरस ठरला. अभ्यास लहान होता, 71 जणांचा, आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणून त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण आपल्यासाठी त्यात मोठी ओळखीची गोष्ट आहे. फिजिओथेरपिस्ट सातारा शहरात आहेत. वाई-जावळीच्या एखाद्या वाडीत रोज कोण जाणार? तिथे सुनेच्या हातात स्मार्टफोन मात्र आहे. व्हिडिओ कॉलवर थेरपिस्टला पाऊल दाखवता येतं, वॉकरची उंची बरोबर आहे का ते विचारता येतं.

बोस्टनच्या एका प्रयोगात तर तंत्रज्ञान होतं डीव्हीडी आणि रबरी पट्टे. 2014 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नेहमीची थेरपी संपलेल्या 232 जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टने तीन-चार भेटींत व्यायाम शिकवले आणि पुढे ते त्यांनी घरी स्वतः केले. व्यायाम तरी काय? खुर्चीतून उठणं-बसणं, पायरी चढणं. आपल्या भाषेत उठबस. सहा महिन्यांनी त्यांच्या हालचालीत सुधारणा दिसली, बेताची, पण खरी. थेरपी संपली म्हणजे सुधारणा संपली, ही समजूत त्यामुळे मागे पडते.

व्हिडिओ गेम आणि ॲप वापरूनही प्रयोग झाले आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनी आणि ॲडलेडमध्ये वेगवेगळ्या दुखण्यांतून उठणाऱ्या 300 जणांपैकी निम्म्यांना नेहमीच्या थेरपीबरोबर अशी साधनं दिली, तेव्हा त्यांची चाल आणि तोल काहीसा सुधारला. दिवसातला उभं राहण्याचा वेळ मात्र वाढला नाही. जमणं वेगळं आणि करणं वेगळं, हे इथे लख्ख दिसतं. आजीला दहा पावलं चालता येतात, म्हणून ती चालेलच असं नाही. चालायला काहीतरी कारण लागतं.

हवेच्या दाबाने शरीराचं वजन उचलून धरणारे ट्रेडमिलही आता आहेत. त्यामागची कल्पना अमेरिकेच्या अंतराळ संस्थेतल्या संशोधनातून आली. कमरेभोवती हवाबंद पिशवी असते, आत दाब वाढवला की पायांवरचा भार कमी होतो आणि दुखऱ्या खुब्याने चालता येतं. यंत्र महागडं. जिथे आहे तिथे जरूर वापरावं, पण त्याच्या अभावी कुणाचं अडू नये.

एक गोष्ट सेन्सरशी संबंधित नाही, पण सोडवत नाही. एक खुबा मोडला म्हणजे हाडं ठिसूळ आहेत, आणि दुसराही मोडू शकतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात खुब्याच्या ऑपरेशननंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिड या ठिसूळ हाडांवरच्या औषधाची सलाइन दिलेल्यांमध्ये नवी फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी कमी झाली, आणि मृत्यूही घटले. तरीही डिस्चार्जच्या वेळी टाके कधी काढायचे हे सगळे विचारतात, ठिसूळ हाडांवर औषध सुरू करायचं का, हे फार थोडे विचारतात. तेवढं विचाराच.

आमच्या घरी सेन्सर नव्हता. फिजिओथेरपिस्ट ताईंनी पलंगाशेजारी भिंतीवरचं कॅलेंडर आणायला सांगितलं आणि पेन दोरीने बांधलं. आजी उभी राहिली की त्या दिवसाच्या चौकोनात एक रेघ, दोन मिनिटांहून जास्त उभी राहिली तर रेघेवर आडवी रेघ. पहिल्या दिवशी पाच रेघा होत्या, आडवी एकही नव्हती. "सारखी उभीच असते" म्हणणारी आजी त्या पाच रेघांकडे बराच वेळ बघत बसली. रविवारी ताई फोनवर चौकोन वाचायला लावायच्या आणि कमी रेघांचा दिवस सापडला की विचारायच्या, काय झालं होतं? एका गुरुवारचं उत्तर आलं की मावशींनी फरशी पुसली होती, ओली होती, आणि आजीला पुन्हा घसरायची भीती वाटली होती. तिने तोपर्यंत हे कुणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून फरशी ती दुपारी झोपल्यावर पुसली जाऊ लागली.

चालायला कारण मिळालं ते स्वयंपाकघरात. ओटा तिच्या कमरेच्या उंचीचा, धरायला भक्कम, मागे खुर्ची ठेवलेली. नवव्या आठवड्यात तिने काकूंना बाजूला केलं, एका हाताने ओटा धरला आणि आमटीला स्वतः फोडणी दिली. त्या दिवसाच्या चौकोनात रेघा मावल्या नाहीत. काकूंनी शेजारच्या दिवसात लिहिल्या.