इंजिनाचा भार पेलणारी पाठफळी : दुरुस्ती आणि मजबुतीकरणाविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नावेच्या मागच्या टोकाला जी उभी फळी असते आणि जिच्यावर आउटबोर्ड इंजिन टांगले जाते, तिला कारागीर ट्रान्सम म्हणतात. या पत्रकात आम्ही तिला पाठफळी म्हटले आहे. गोसीखुर्द, इटियाडोह आणि नवेगावबांध येथील मासेमारीचे डोंगे, नौकाविहाराच्या फायबरच्या नावा आणि क्वचित शिडाची एखादी लहान नावही आमच्या कार्यशाळेत येते, आणि त्यांपैकी बहुतेकांचे दुखणे याच एका जागी असते. वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत गुळगुळीत थर, चकचकीत दिसतो, पण आतले प्लायवुड, म्हणजे फळीचा गाभा, भिजलेल्या भुशासारखे झालेले असते. अशा फळीवर बाहेरून लोखंडी पट्टी बसवून द्यावी, अशी मागणी वारंवार होते. ती आम्ही का नाकारतो, हे ग्राहकांना नीट कळावे यासाठी हे पत्रक काढले आहे.

इंजिनाचा पंखा पाण्याखाली नावेला पुढे रेटतो, परंतु इंजिन फळीला धरलेले असते ते पंख्याच्या दीड-दोन फूट वर. त्यामुळे चालू इंजिनाच्या कंसाची, म्हणजे इंजिन फळीला धरणाऱ्या पकडीची, खालची कड फळीत रुतू पाहते, तर वरची कड फळीला मागे खेचते. नाव उलट नेताना हाच ताण उलट्या बाजूने येतो. हा भार एकट्या फळीने पेलायचा नसतो, तर तिने तो नावेच्या तळाकडे आणि दोन्ही कुशींकडे वाटून द्यायचा असतो. गाभा कुजला की हे वाटप थांबते, आणि बाहेरून लावलेली पट्टी कुजलेल्या गाभ्याला फक्त अधिक घट्ट दाबत राहते. आणखी एक गोष्ट आम्हाला आवर्जून सांगावीशी वाटते : इंजिन लावलेली नाव ट्रॉलीवरून खड्ड्यांच्या रस्त्याने नेताना फळीला जे हिसके बसतात, ते पाण्यातल्या ताणापेक्षा जास्त असू शकतात. धरणापर्यंतच्या प्रवासात इंजिन उतरवून वेगळे न्यावे.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला समुद्राचे खारे पाणी काही प्रमाणात रोखते. आपल्या तलावांच्या गोड्या पाण्यात तो अडसर नाही. पाणी बहुधा बोल्टच्या छिद्रांतून, तळाशी असलेल्या निचऱ्याच्या भोकातून आणि फळीच्या उघड्या वरच्या कडेतून आत शिरते, आणि आत शिरलेले पाणी फायबरच्या दोन थरांमध्ये कोंडले जाते. तपासणी आपण घरीच करू शकता. लहान हातोडीने फळीवर सर्वत्र हलके ठोकावे. निरोगी भागातून टणक, तर कुजलेल्या भागातून बद्द आवाज येतो. इंजिन वर उचललेल्या स्थितीत त्याच्या खालच्या टोकावर हाताने भार द्यावा. फळी वाकताना दिसली किंवा कोपऱ्यांत बारीक तडे उघडले, तर ती नाव पाण्यात नेऊ नये. शंका उरल्यास आम्ही आतील बाजूने छोटी छिद्रे पाडून भुसा पाहतो. तो कोरडा आणि फिकट असेल तर गाभा चांगला, काळपट आणि ओला असेल तर फळी उघडावी लागते.

दुरुस्ती आम्ही शक्यतो आतून करतो, म्हणजे बाहेरचा आकार बिघडत नाही. आतला थर कापून कुजलेला गाभा चांगले लाकूड लागेपर्यंत काढला जातो आणि त्यानंतर नाव वाळत ठेवली जाते. या वाळवणीत घाई चालत नाही. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाच्या निकडीमुळे आम्ही भर पावसाळ्यात ओलसर फळी बंद केली होती. पुढच्याच वर्षी तिचा थर सुटला आणि आम्हाला ती स्वखर्चाने पुन्हा उघडावी लागली. तेव्हापासून पावसाळ्यात आम्ही हे काम घेत नाही.

नव्या गाभ्यासाठी आम्ही आयएस ७१० या मानकाचे मरीन प्लायवुड वापरतो. त्याच्या चिकटीची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्यात घेतली जाते. दुकानात नुसते ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मिळणारे प्लाय त्याची जागा घेऊ शकत नाही. १८ मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने (दोन घटक मिसळल्यावर कडक होणाऱ्या चिकट रेझिनने) जोडून त्यांच्या सर्व कडा इपॉक्सीनेच बंद केल्या जातात. आलापल्लीच्या सागवानाची फळी घरी आहे, तीच बसवा, असे काही ग्राहक म्हणतात. सागवानाच्या टिकाऊपणाविषयी वाद नाही, परंतु त्याच्या तेलकटपणामुळे रेझिन नीट धरत नाही आणि अखंड फळी ओलाव्याने रुंदीत फुगते-आकसते. फायबरच्या आत बंद करण्यासाठी प्लायवुडच योग्य आहे.

गाभा बसल्यावर कोपऱ्यांत पुटीची गोलाई देऊन काचेच्या कापडाचे थर फळीवरून तळावर आणि कुशींवर किमान १५ सेंटिमीटर उतरवले जातात, आणि तळाला जोडणाऱ्या त्रिकोणी आधारफळ्या दोन्ही बाजूंना बसवल्या जातात. इपॉक्सीसोबत विणलेले कापडच वापरावे, कारण काचतंतूंच्या साध्या चटईत तंतू एकत्र धरणारा चिकट पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. बोल्टचे छिद्र आधी मोठे पाडून घट्ट इपॉक्सीने भरले जाते आणि ते कडक झाल्यावर त्यातून बोल्टच्या मापाचे छिद्र घेतले जाते. म्हणजे उद्या बोल्टभोवतीचे सीलंट सुटले तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

शिडाच्या नावेची पाठफळी बहुधा सुकाणूचा भार गृहीत धरून केलेली असते, इंजिनाचा नव्हे. ४ अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिनही सुमारे २५ किलोचे असते आणि बाहेर काढलेल्या कंसावर टांगल्यास त्याचा ताण आणखी वाढतो. अशा नावेला आतून रुंद आधारपट्टी दिल्याशिवाय कंस लावू नये. वल्ह्यांच्या जुन्या डोंग्यांनाही हाच नियम लागू आहे, आणि काही डोंग्यांच्या बाबतीत इंजिन लावूच नये असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

जे ग्राहक पॉलिएस्टर रेझिनचे किरकोळ काम घरी करतात, त्यांनी कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रावण) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नये. त्याने स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळावे आणि मगच हार्डनर घालावा. एप्रिल-मेच्या उन्हात रेझिन भांड्यातच तापून घट्ट होते, म्हणून थोडे थोडे आणि पहाटे कालवावे.

नाव आणताना इंजिनाची अश्वशक्ती, वजन आणि शाफ्टचे, म्हणजे पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याचे, माप सोबत आणावे. आखूड शाफ्टला सुमारे १५ इंच आणि लांब शाफ्टला सुमारे २० इंच उंचीची फळी लागते, आणि फळी उघडण्यापूर्वी ही उंची ठरली, तर तीच दुरुस्ती दुसऱ्यांदा करावी लागत नाही.