पार्श्वभूमी : बार्शीची नोंदणी, उस्मानाबादची चाचणी आणि चौथा गट

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरच्या लसीचा एक डोसही पुरेसं संरक्षण देऊ शकतो, हे जागतिक पातळीवर २०२२ मध्ये मान्य झालं. त्यामागच्या पुराव्यात आपल्या जिल्ह्यातल्या मुलींचा वाटा आहे. सोलापुरात त्याबद्दल जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही.

सुरुवात कर्करोगाच्या नोंदणीपासून झाली. १९८० च्या दशकात देशपातळीवर कर्करोगाची नोंद पद्धतशीरपणे सुरू झाली ती मुंबई, बंगळूर, मद्रास अशा शहरांत. खेड्यात हा आजार किती आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९८७ मध्ये बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने मुंबईतल्या मोठ्या संस्थेच्या साथीने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातली ती देशातली पहिली नोंदणी. शहरात दवाखान्यांचे कागद चाळले की आकडा निघतो. इथे कागदच नव्हते. म्हणून कर्मचारी गावोगाव फिरले. सरपंच, शिक्षक, दाया यांच्याशी बोलले. कुणाला पाळी गेल्यावर रक्त जातंय, कुणाच्या तोंडातली जखम भरत नाही, याची विचारपूस करून अशांना तपासणीला आणलं. नोंद आणि उपचार असे एकत्रच चालले. बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळला तो गर्भाशयमुखाचा कर्करोग. काही वर्षांतच या बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्याचंही दिसलं.

याच पायावर १९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, मोठी चाचणी, म्हणजे तपासणीच्या पद्धतींची तुलना करणारा अभ्यास, सुरू झाली. पैसा एका अमेरिकी दानशूर फाउंडेशनचा, आखणी फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेची आणि मुंबईच्या त्याच संस्थेची, प्रत्यक्ष काम बार्शीचं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ समूह आणि चार गट. पहिल्या गटाला विषाणू शोधणारी एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं. तिसऱ्या गटात ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा.

वाद याच चौथ्या गटाचा, आणि माझ्या मते तोच नीट समजून घ्यायला हवा. त्या काळी आपल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या तपासणीची कोणतीही सरकारी सोय नव्हती. त्यामुळे ‘नेहमीची सेवा’ याचा व्यवहारातला अर्थ तपासणी नाही, असाच होता. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ बायका गेल्या, चौथ्या गटात ६४. आयुष्यात फक्त एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि ॲसिटिक ॲसिडच्या गटांत मात्र मृत्यूंत ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही.

टीकाकारांचं म्हणणं असं, की तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत पॅपच्या अनुभवातून कित्येक दशकं आधी कळलेलं होतं. मग हजारो बायकांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजायचे कशाला? तिन्ही पद्धती एकमेकींशी ताडून पाहता आल्या असत्या. आखणी करणाऱ्यांचं उत्तर असं, की पॅपला लागणारे तंत्रज्ञ, प्रयोगशाळा आणि पुन्हा पुन्हा तपासणी हे खेड्यात नव्हतंच. इथे यातलं काय चालेल हे माहीत नव्हतं, आणि तुलनेला गट नसता तर सरकारने निष्कर्ष मानले नसते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण त्या ६४ जणींचा हिशेब पद्धतीच्या भाषेत पुरा होत नाही, असं मला ठामपणे वाटतं. पुढे अशा चाचण्यांबद्दल अमेरिकेत तक्रार झाली तेव्हा तिथल्या सरकारी यंत्रणेचा अधिकार चालला तो मुंबईतल्या एका वेगळ्या चाचणीपुरता, कारण तिला अमेरिकी सरकारचा पैसा होता. उस्मानाबादचा पैसा खासगी, म्हणून ती त्या कक्षेबाहेर राहिली. पैसा कुणाचा यावर जाब कोण विचारणार हे ठरतं, ते असं.

त्यानंतर लस आली. १० ते १८ वयाच्या मुलींना दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायला २००९ मध्ये देशातल्या नऊ केंद्रांवर अभ्यास सुरू झाला. बार्शी त्यातलं एक. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं. कारण आंध्र आणि गुजरातमधल्या दुसऱ्याच एका लस प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले होते. ते लसीमुळे झाले नाहीत असं चौकशीत निघालं, मात्र तिथे संमती घेण्याच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले गेले. या थांबण्याने बार्शीसह सर्व केंद्रांवरच्या सुमारे ५ हजार मुलींचा एकच डोस झाला. संशोधकांनी त्यांना सोडून दिलं नाही. वर्षानुवर्षं त्यांच्या तपासण्या चालू ठेवल्या. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये दिसलं, की एचपीव्हीच्या १६ आणि १८ या घातक प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसचं संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. गरीब देशांसाठी हा निष्कर्ष फार मोठा आहे: तेवढ्याच पैशांत दुप्पट मुली.

तपासणीच्या बाबतीत देशातल्या धोरणाने मात्र वेगळी वाट धरली. २०१६ च्या केंद्रीय आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ॲसिटिक ॲसिडचीच तपासणी ठरली. मुंबई आणि तमिळनाडूतल्या चाचण्यांत तिने मृत्यू कमी झाले होते, खर्च नगण्य होता आणि परिचारिकेला ती शिकवता येत होती. निर्णय निराधार नव्हता. पण उस्मानाबादेत सर्वांत सरस ठरलेली एचपीव्ही चाचणी तिच्या संचांच्या आणि यंत्रांच्या किमतीपायी मागे पडली, आणि जागतिक शिफारशीत २०२१ मध्ये तिलाच पहिलं स्थान मिळालं. शिवाय स्वस्त म्हणून निवडलेली तपासणी तरी किती जणींपर्यंत पोचली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी एकदा तरी झालेल्या होत्या १.९ टक्के.