एस-४०० घडवणारी अल्माझ-अँते

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत ‘सुदर्शन चक्र’ हे नाव आपल्याकडे घराघरांत पोचलं. भारताने एस-४०० या हवाई संरक्षण यंत्रणेला दिलेलं हे नाव. ती बनवणाऱ्या अल्माझ-अँते या रशियन सरकारी कंपनीचा प्रवास मात्र पंचाहत्तर वर्षांहून जुना आहे आणि तो मुळापासून समजून घ्यायला हवा.

१९४७ साली मॉस्कोत एक गुप्त संशोधन कार्यालय सुरू झालं. पुढे त्याला ‘केबी-१’ म्हणू लागले. पावेल कुक्सेन्को आणि स्टॅलिनचा उजवा हात असलेल्या बेरियाचा मुलगा सेर्गो हे दोघे त्याचे प्रमुख. अमेरिकेकडे अणुबॉम्ब होता आणि तो वाहून नेणारी लांब पल्ल्याची विमानंही. आपल्या राजधानीवर असं एकही विमान येता कामा नये, असा स्टॅलिनचा हट्ट होता. त्यातून उभी राहिली एस-२५. मॉस्कोभोवती क्षेपणास्त्रतळांची दोन कडी, एकूण ५६ तळ. प्रत्येक तळावर माशाच्या काट्यासारखे फुटलेले रस्ते आणि त्यांच्या कडेला क्षेपणास्त्रं. या तळांसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या रस्त्यांवरून आज साधी वाहतूक चालते. लोक त्यांना अजून ‘बेतोन्का’च म्हणतात.

१९५३ मध्ये बेरिया गेला, तशी मुलाची आणि कुक्सेन्कोची खुर्चीही गेली. सूत्रं आली अलेक्झांडर रास्प्लेतिन यांच्याकडे. माझ्या मते या घराण्याचे खरे शिल्पकार तेच. त्यांच्या एस-७५ ने १ मे १९६० रोजी स्वेर्दलोव्स्कजवळ गॅरी पॉवर्सचं अमेरिकी यू-२ हेरविमान पाडलं आणि जगाला ही क्षेपणास्त्रं माहीत झाली. त्याच धुमश्चक्रीत सोव्हिएत मिग-१९ वरही क्षेपणास्त्र आदळलं आणि त्यांचाच एक वैमानिक प्राणाला मुकला, हे मात्र कमी सांगितलं जातं. भारताच्या हवाई दलात दीर्घकाळ सेवा देणारी ‘पेचोरा’ ही क्षेपणास्त्र यंत्रणासुद्धा याच कार्यालयाची.

केबी-१ चं नाव पुढे ‘अल्माझ’ झालं. अल्माझ म्हणजे हिरा. दुसरीकडे ‘अँते’ या नावाखाली एकत्र आलेली मंडळी भूदलासाठी ओसा, तोर, एस-३००व्ही अशा यंत्रणा करत होती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर सरकारी मागणी आटली आणि चीनसारख्या गिऱ्हाइकांच्या निर्यातीवर दिवस काढावे लागले. अखेर एप्रिल २००२ मध्ये पुतिन यांच्या हुकमाने दोन्ही घराणी आणि त्यांचे कितीतरी कारखाने एकाच छत्राखाली आले. पैसा आणि सत्ता एका जागी आली, तशी भांडणंही. जून २००३ मध्ये कंपनीचे हंगामी प्रमुख इगोर क्लिमोव यांना मॉस्कोत घराबाहेर गोळ्या घालण्यात आल्या.

मग १७ जुलै २०१४. मलेशिया एअरलाइन्सचं एमएच-१७ पूर्व युक्रेनवर पाडलं गेलं आणि २९८ माणसं गेली. कंपनीवर अमेरिकेने निर्बंध लादले होते ते त्याच्या आदल्याच दिवशी. युरोपचे निर्बंध त्याच महिनाअखेरीस आले. विमान ‘बुक’ या जमिनीवरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्राने पडलं, हे डच तपासात निघालं. कॉकपिटमधल्या मृतदेहांत फुलपाखराच्या आकाराचे लोखंडी तुकडे सापडले. बुकची निर्माती असलेल्या अल्माझ-अँतेने २०१५ मध्ये एका जुन्या विमानाच्या नाकाशेजारी स्फोट घडवून दाखवला आणि क्षेपणास्त्र युक्रेनच्या ताब्यातल्या भागातून सुटल्याचा दावा केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये हेगच्या न्यायालयाने तो फेटाळला. क्षेपणास्त्र रशियासमर्थक बंडखोरांच्या भागातूनच सुटलं, असा निकाल दिला. त्या विमानात ऐंशी लहान मुलं होती. या कंपनीबद्दल लिहिताना ती संख्या मला गाळता येत नाही.

भारताचा एस-४०० चा आंतरसरकारी करार १५ ऑक्टोबर २०१६ रोजी गोव्यात, ब्रिक्स परिषदेच्या वेळी झाला. खरेदीचा करार ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्लीत: पाच तुकड्या, पाच अब्ज डॉलरहून अधिक किंमत. हीच यंत्रणा घेतली म्हणून अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-३५ या लढाऊ विमानाच्या प्रकल्पातून बाहेर काढलं आणि पुढे निर्बंधही लादले. भारत त्यातून वाचला. डिसेंबर २०२१ पासून माल यायला लागला. पण दोनच महिन्यांत युक्रेनवर आक्रमण झालं, कारखान्यांना रशियाचीच गरज आधी भागवावी लागली आणि पहिल्या तीन तुकड्यांनंतर उरलेल्या दोन लांबणीवर पडल्या.