पाच मीटर चढलेल्या विहिरीत पाणी किती?

सप्टेंबर संपत आला की बातमी येते: नागपूर जिल्ह्यात पावसाने सरासरी गाठली. ती वाचून सगळे निर्धास्त होतात. इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा दुष्काळ हे मराठवाड्याचे दुखणे, असा जुना समज आहे. पण २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत काटोल, नरखेड आणि कळमेश्वरही होते. शिवाय सरासरी गाठलेल्या वर्षीही या पट्ट्यातल्या कितीतरी विहिरी उन्हाळ्याच्या तोंडाशीच तळ दाखवतात. असे का होते, ते कळायला खडक समजून घ्यावा लागतो.

सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला काटोल-नरखेडकडे पसरलेला खडक बेसाल्टचा आहे, थंड झालेल्या लाव्हाचा. कामठीकडे वालुकाश्म लागतो, पूर्वेला ग्नाइस. बेसाल्टातल्या विहिरीत वाकून पाहिले तर वर काळी माती, खाली मुरूम, मग जागोजागी मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा बेसाल्ट, आणि शेवटी काळा पाषाण दिसतो. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्याच्या छिद्रांत आणि खडकाच्या भेगांत. पाषाण जवळजवळ कोरडाच असतो. मांजऱ्याची छिद्रेही बरीचशी पांढऱ्या खनिजांनी बुजलेली असतात.

अशा खडकाचा एक घनमीटर तुकडा पाण्याने पूर्ण भरला, तरी त्यातून उपसता येते ते फक्त सुमारे २ टक्के, म्हणजे २० लिटर. भूजलाचा अंदाज बांधण्याच्या सरकारी पद्धतीत मुरमाड, भेगाळलेल्या बेसाल्टासाठी १ ते ३ टक्के धरतात. नदीकाठच्या वाळूसाठी हाच आकडा १६ टक्क्यांच्या आसपास असतो. दुष्काळाचे अर्धे गणित या दोन टक्क्यांत आहे.

समजा, पावसाळ्यात विहीर ५ मीटर चढली. पाहणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पण ५ मीटर खडकाचे २ टक्के म्हणजे पाण्याचा थर साठला १०० मिलिमीटरचा. पडलेल्या हजारातले फक्त शंभर. आता हिशोब उलटा करा. गव्हाला ५० मिलिमीटरचे एक पाणी दिले, की तेवढ्याच जमिनीखालची पातळी अडीच मीटर उतरते. त्यातले थोडे झिरपून परत जाते, पण दोन पाण्यांत पाच मीटरचा साठा जवळजवळ संपतो. प्रत्यक्षात विहीर लगेच आटत नाही, कारण ती शेजारच्या कोरडवाहू वावरांखालचे पाणी ओढत असते. शेजाऱ्यानेही बोअर मारला, की ही उसनवारी थांबते.

हा खडक जितक्या लवकर रिता होतो तितक्याच लवकर भरतोही. चांगल्या वर्षी ऑगस्टमध्येच अनेक विहिरी तुडुंब होतात आणि त्यानंतरचा पाऊस, कितीही पडो, नाल्याने निघून जातो. मग उघडीप लागली, की साठलेले पाणीही उतारावरून नाल्याकडे झिरपू लागते, पंप बंद असला तरी. म्हणून पाऊस ऑगस्टमध्येच आटोपला, तर सरासरी गाठूनही विहीर महिना-दीड महिना आधी उतरणीला लागते. यंत्राने नाला सरसकट खोल करण्याचा उत्साह इथेच अंगाशी येतो. मुरूम फोडून पाण्याच्या थरात घुसलेला नाला पाणी जिरवत नाही, पावसाळ्यानंतर दोन्ही काठांच्या विहिरींचे पाणी ओढून नेतो.

तेव्हा पर्जन्यमापकाइतकेच लक्ष ऑक्टोबरमधल्या पातळीकडे हवे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. ऑक्टोबरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा ३ मीटरहून खाली असेल, तर टंचाई लगेच अपेक्षित धरतात. २ ते ३ मीटर खाली असेल तर जानेवारीपासून, १ ते २ मीटर असेल तर एप्रिलपासून.

हे गावालाही जमते. गावशिवारात चढावर, मध्यावर आणि उतारावर मिळून दहा-बारा विहिरी निवडाव्यात. नाल्याच्या किंवा तलावाच्या अगदी काठची विहीर घेऊ नये, ती खोटा दिलासा देते. प्रत्येक कठड्यावर रंगाने खूण करून दरवेळी तिथूनच टेप सोडावा आणि कठड्याची उंची वजा करावी. मोजणी पहाटे, पंप सुरू होण्याआधी करावी. रात्री वीज असली आणि पंप चालला असेल, तर आकडा फसवतो. त्या विहिरीला किमान रात्रभर विश्रांती हवी. मेची पातळी आणि ऑक्टोबरची पातळी यांतला फरक म्हणजे त्या वर्षीचा चढ.

१००० हेक्टरच्या गावात सरासरी चढ ५ मीटर असेल, तर साठा १०० कोटी लिटर. दीड हजार लोकांना माणशी रोज ५५ लिटर धरले, तर वर्षाला ३ कोटी लिटर लागतात. ६०० जनावरांना रोज ५० लिटरप्रमाणे सव्वा कोटीही पुरेत. आणि एक हेक्टर गहू, ४०० मिलिमीटर पाण्याचा, ४० लाख लिटर पितो. म्हणजे गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी साडेसात हेक्टर गव्हाएवढे. टँकर लावावा लागतो तो माणसे जास्त पाणी पितात म्हणून नव्हे. पिण्याच्या विहिरीभोवतीचा उपसा कुणी आवरलेला नसतो. अधिसूचित सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात मनाई आहे, पण ग्रामसभेत हे कलम क्वचितच वाचले जाते.

विहीर आटली, की घाईघाईने पाणाड्याला, म्हणजे पाण्याची जागा सांगणाऱ्याला, बोलावले जाते. तळहातावर नारळ उभा राहतो, कडुनिंबाची फांदी झुकते, आणि बहुतेक वेळा पाणी लागतेही. लागणारच, कारण मुरमाच्या थरात पावसाळ्यानंतर थोडेफार पाणी बहुतेक ठिकाणी असते. ते एप्रिलपर्यंत टिकेल का, याचे उत्तर नारळाकडे नाही. पाणाड्याच्या शब्दावर बोअरमागून बोअर मारून कर्जात बुडणे हे फार क्रूर नुकसान आहे.

शहरातही टंचाई कळते ती उशिराच. नागपूरचे पाणी मुख्यतः पेंच नदीवर आहे. २०१९ च्या जुलैमध्ये दिवसाआड पुरवठा सुरू झाला, तेव्हा पेंचवरच्या तोतलाडोह धरणाची चर्चा घरोघरी पोचली.

ऑक्टोबरचा हिशोब झाला, की पेरणीआधी गहू किती आणि हरभरा किती हे ठरवता येते. हरभरा काळ्या मातीतल्या ओलीवर आणि एखाद-दुसऱ्या पाण्यावर निघतो. गव्हाला दोनच पाणी देता येणार असतील, तर पहिले २० ते २२ दिवसांनी आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी द्यावे. संत्र्याचा निर्णय जास्त अवघड आहे. आंबिया बहार, म्हणजे फुलोरा, जानेवारी-फेब्रुवारीत फुटतो आणि नेमका उन्हाळाभर पाणी मागतो. पावसाळ्याच्या तोंडाशी फुटणाऱ्या मृग बहारात बागेला उन्हाळ्यात ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचे असते, त्यामुळे ते पाणी वाचते. पण मृगाचा पाऊस लांबला की बहारच फुटत नाही, आणि ताणाच्या दिवसांत अवकाळी सरी आल्या तर ताण तुटतो. म्हणून सगळी बाग एकाच बहारावर धरू नये. ऑक्टोबरच्या पातळीवरून जेवढ्या झाडांना मेअखेर ठिबकने पाणी पुरेल, तेवढीच आंबियाला धरावीत, आणि जानेवारीच्या मोजणीत उतार अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, तर त्याच आठवड्यात त्यांतल्या काही झाडांचा बहार सोडून द्यावा.