पिशवीतला तांदूळ आणि ताटातली खिचडी

शालेय पोषण आहाराची बातमी आली की वाद ठरलेला असतो. खिचडीत अळ्या निघाल्या, नाहीतर मुलांना अंडं द्यायचं की नाही. या वादांच्या पोटात एक जुना प्रश्न आहे: सरकारने गरिबाच्या घरी धान्य धाडावं, की पोराच्या पुढ्यात शिजलेलं ताट ठेवावं? गेली पन्नास वर्षं आपण या दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालतोय.

सत्तरीतल्या कुणालाही विचारा, तो सुकडीची आठवण काढेल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचं पौष्टिक मिश्रण, वाटली जायची आणि रेशनला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. त्याआधी ‘केअर’ या अमेरिकी संस्थेच्या मदतीतून शाळांमध्ये दुधाची पावडर यायची. ही सगळी सोय दुसऱ्याच्या शिलकीवर चालायची, मदत आटली की संपायची.

कायमचा म्हणावा असा कार्यक्रम २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाला. एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आपली अंगणवाडी. देशभरातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातलं धारणी होतं. आणि १९९३ मध्ये बालमृत्यूंच्या बातम्या आल्या त्या याच मेळघाटातून. अंगणवाडी येऊन तोवर अठरा वर्षं झाली होती! कारणं बरीच होती, पण एक साधं कारण फार उशिरा ध्यानात घेतलं गेलं. अंगणवाडीत येऊन बसतं ते तीन वर्षांपुढचं मूल. कुपोषण मात्र सहा महिने ते दोन वर्षं या वयात जडतं, आणि त्या वयाचं मूल आईच्या कडेवर शेतात असतं. २००५ मध्ये राज्याने कुपोषण हटवण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन काढलं, तेव्हा कुठे या वयाकडे नीट लक्ष गेलं. पुढे २०१५ ला आदिवासी भागात अमृत आहार योजना आली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतच एक वेळचं गरम जेवण मिळू लागलं. पुडा घरी दिला तर तो साऱ्या घरात वाटला जातो, आईच्या वाट्याला शेवटचा घास येतो, हे ओळखून केलेली ही योजना.

शाळेची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तमिळनाडूत कामराज यांनी १९५६ मध्ये शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं होतं आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते राज्यभर वाढवलं. केंद्राची योजना आली १५ ऑगस्ट १९९५ ला. पण बहुतेक राज्यांनी, आणि महाराष्ट्रानेही, चूल पेटवायचं टाळलं. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की पोराला तीन किलो तांदूळ. तांदूळवाटपाच्या दिवशी घरून आणलेली पिशवी पुढे करायची, गुरुजी हजेरीपट बघून मापायचे. हिशेब होता दिवसाला १०० ग्रॅमचा. प्रत्यक्षात पाच माणसांच्या घरात तो तांदूळ दोन-तीन दिवसांत संपायचा आणि उरलेला महिनाभर पोर उपाशीपोटीच शाळेत यायचं.

हे बदललं कोर्टामुळे. २००१ मध्ये सरकारी गोदामांत सहा कोटी टनांच्या आसपास धान्य पडून होतं आणि राजस्थानात भूकबळी जात होते. पीयूसीएल या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने राज्यांना बजावलं: प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाकाठी किमान २०० दिवस. मग आपल्याकडे शाळांच्या आवारात पातेली चढली. ‘खिचडी’ हेच योजनेचं बोलीतलं नाव झालं. २००४ मध्ये न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला मूळ आदेशाइतकीच मोलाची वाटते: स्वयंपाकी नेमताना दलित, आदिवासींना प्राधान्य द्या. एका पंगतीत बसणं आणि कुणाच्या हातचं खाणं, हे दोन्ही गावात सोपं नव्हतं. ज्या बायकांवर हा डोलारा उभा आहे त्यांच्या मानधनातला केंद्राचा आकडा मात्र २००९ पासून महिना १,००० रुपये असाच राहिला.

अंगणवाडीच्या आहारातून ठेकेदार दूर ठेवा, असंही २००४ मध्येच न्यायालयाने बजावलं होतं. तरी पाकीटबंद टीएचआरच्या (टेक होम रेशन, म्हणजे घरी न्यायचा आहार) निविदांवरून महाराष्ट्रात वर्षानुवर्षं खटले चालले. ती पाकिटं मुलं खात नाहीत, ती जनावरांपुढे जातात, ही तक्रार अंगणवाडीच्या ताईंकडून ऐकायला मिळते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने हे सगळं हक्क म्हणून लिहून दिलं. रेशनवर माणशी पाच किलो धान्य, अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला ३५ किलो, शिवाय अंगणवाडीत आणि शाळेत आहार. मग कोरोना आला, शाळा बंद झाल्या आणि आपण पुन्हा १९९५ ला पोचलो: कोरडा शिधा, घरून आणलेली पिशवी, सहीचं रजिस्टर.

२०२१ पासून शाळेतल्या जेवणाच्या योजनेचं नाव पीएम पोषण आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवला. अंडं हवंच असेल तर शाळेने लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं कळवण्यात आलं. म्हणजे ज्या गावात वर्गणी निघते, तिथे अंडं.